कावीळ झाली? आधी विचारा, कोणती!

‘कावीळ’ हा शब्द एक, पण तिच्यामागे लपलेले व्हायरस पाच. एकाला फक्त आराम पुरतो, एकाला रोजची गोळी वर्षानुवर्षं लागते, तर एक बारा आठवड्यांत कायमचा हद्दपार होतो. तेव्हा इलाज शोधण्याआधी व्हायरसचं नाव विचारा!

जून महिना. पहिला पाऊस येऊन गेलेला, पण नागपूरचा उकाडा जागच्या जागी. शनिवारी सकाळी दाढी करायला आरशासमोर उभा राहिलो आणि हातातलं रेझर तसंच राहिलं. डोळे पिवळे! थोडेथोडके नाही, हळदीच्या कार्यक्रमातून आल्यासारखे.

आदले आठ दिवस आठवले. अंग मोडून आल्यासारखं वाटत होतं, तर म्हटलं प्रोजेक्टची डेडलाइन आहे. जेवण जात नव्हतं, तर म्हटलं ॲसिडिटी असेल. ऑफिसखालच्या टपरीवरच्या तर्री पोह्याच्या वासानं मळमळायला लागलं, तेव्हाच खरं तर खतऱ्याची घंटा वाजायला हवी होती. लघवी गडद पिवळी होत होती, तर म्हटलं उन्हाळी लागली असेल, पाणी कमी पडतंय. आपण सगळे असेच असतो ना? मोबाइलची बॅटरी वीस टक्क्यांवर आली की चार्जर शोधतो, आणि स्वतःचं शरीर लाल दिवा दाखवतं तेव्हा म्हणतो, वीकेण्डला बघू.

आमचं घर लकडगंजात. लाकूडबाजारावरून नाव पडलेली ही वस्ती. इथे आरा मशीनच्या आवाजावर आणि सागवानाच्या भुशाच्या वासावर आम्ही लहानाचे मोठे झालो. इथे बातमी पसरायला व्हॉट्सॲप लागत नाही. अर्ध्या तासात घर भरलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “काविळीची माळ घालून घे, तीन दिवसांत उतरते.” बाबांचे मित्र म्हणाले, “नाकात औषध टाकणारा एक माणूस आहे, सकाळी उपाशीपोटी न्या.” आत्याचा फोन आला, “उसाचा रस पाज त्याले, बाकी काही देऊ नको बाप्पा.” आणि ऑफिसच्या ग्रुपवर तर तीन कलीग्जनी तीन वेगवेगळ्या ‘लिव्हर टॉनिक’चे फोटो टाकले होते.

सगळ्यांकडे उत्तर होतं. प्रश्न मात्र कुणालाच पडला नव्हता. तो विचारला आमच्या डॉक्टरांनी.

“कावीळ झाली ते दिसतंय मला. पण कोणती?”

पिवळेपणा हा आजार नव्हे

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. “ताप आला म्हणून मी प्रत्येकाला मलेरियाची गोळी देतो का? कावीळही तापासारखीच. ती खूण आहे, आजार नाही.”

फंडा असा आहे. आपल्या रक्तातल्या लाल पेशी जुन्या झाल्या की मोडतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. ते गोळा करून पित्तावाटे बाहेर काढायचं काम लिव्हरचं. लिव्हरला सूज आली, की हे काम तुंबतं आणि पिवळेपणा डोळ्यांत, कातडीत, लघवीत दिसायला लागतो. लिव्हरची सूज म्हणजेच हिपॅटायटिस.

आता ही सूज दारूनं येऊ शकते, एखाद्या औषधानं येऊ शकते. पित्ताच्या नळीत खडा अडकला तरी माणूस पिवळा होतो. आपल्या विदर्भात सिकल सेलचे बरेच पेशंट आहेत. त्यांच्या लाल पेशी भराभर मोडतात, म्हणून त्यांचे डोळे पिवळसर दिसतात. आणि मग येतात ते व्हायरस: ए, बी, सी, डी आणि ई. नावं शाळेतल्या तुकड्यांसारखी, पण स्वभाव इतके वेगळे की एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही.

म्हणून डॉक्टरांनी माळ नाही, तर रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: हिपॅटायटिस ई. आणि तो वाचताच डॉक्टरांनी जो प्रश्न विचारला, त्यानं माझ्यापेक्षा आईचाच चेहरा जास्त उतरला.

“घरात कुणी गरोदर आहे?”

वहिनीला सातवा महिना चालू होता.

ए आणि ई : औषध नाही, हेच औषध

ए आणि ई हे दोघं पाण्यातले चोर. सांडपाणी मिसळलेलं पाणी, त्या पाण्याचा बर्फ, त्यात धुतलेली कोथिंबीर, न धुतलेले हात, यांतून ते पोटात जातात. गंमत म्हणजे कालची पाणीपुरी आज कावीळ करत नाही. ए ला साधारण दोन ते सात आठवडे लागतात, ई ला दोन ते दहा. म्हणजे गुन्हेगार शोधायचा तर महिना-दीड महिना मागे जावं लागतं. मी आठवून पाहिलं: एप्रिल-मेमधले बर्फगोळे, उसाचे रस, लग्नांच्या पंगतीतला मठ्ठा. यादी एवढी लांब झाली की नाद सोडला.

या दोघांवर व्हायरस मारणारी गोळी रोजच्या वापरात नाही. आणि बहुतेकांना ती लागतही नाही. तुमची प्रतिकारशक्ती काही आठवड्यांत व्हायरसला बाहेर काढते, लिव्हर स्वतःला दुरुस्त करून घेतं, आणि ए कधीच कायमचा मुक्काम करत नाही. ई सुद्धा धडधाकट माणसात राहत नाही. किडनी किंवा दुसरा अवयव बदललेल्या, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या पेशंटमध्ये तो चिकटून बसू शकतो, तेव्हा मात्र डॉक्टर रिबाव्हायरिन नावाचं औषध वापरतात.

मग ट्रीटमेंट काय? आराम, पुरेसं पाणी, झेपेल तसं जेवण, मळमळीवर साधं औषध. झालं! आईनं मला आठ दिवस फक्त मुरमुरे आणि उकडलेली मूगडाळ दिली होती. डॉक्टर म्हणाले, “त्याला उपाशी मारू नका. तेल जड वाटत असेल तर कमी करा, पण वरण-भात-भाजी-पोळी, दही, फळं, सगळं खाऊ द्या.” काविळीत सकाळी भूक बरी लागते, म्हणून मोठं जेवण सकाळी, असा त्यांचा आणखी एक सल्ला.

खरी ट्रीटमेंट आहे ती काय करायचं नाही, याची. दारू बंद. डोळे पांढरे झाले म्हणून पार्टी करायची नाही, लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबायचं. जिममधले सप्लिमेंट बंद. अंगदुखीवर मनानं पेनकिलर नाही. साधी पॅरासिटामॉलसुद्धा किती घ्यायची, ते डॉक्टरांना विचारून.

आता वहिनीचा प्रश्न. ई हा व्हायरस बाकीच्यांना सोडून देतो, पण गरोदर बाईवर उलटतो. शेवटच्या तीन महिन्यांत ई झाला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार शंभरातल्या वीस ते पंचवीस जणींचा जीव जाऊ शकतो. आकडा ऐकून आमच्या घरात शांतता पसरली. ई माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही, पण पाणी तर सगळ्यांचं एकच होतं! त्याच दिवशी वहिनीची टेस्ट झाली. टाकी रिकामी करून घासली. पिण्याचं पाणी खळखळ उकळायला लागलं. वहिनीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी बाळंत होईपर्यंत दर आठवड्याला आई तिचे डोळे उजेडात नेऊन बघायची.

ही भीती फुकटची नाही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीला पिण्याच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तेव्हा वाटलं ए असेल. जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांनी पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं की तो ए नव्हताच, तो होता ई! आपल्या महाराष्ट्रात २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तीही ई ची. म्हणजे हा गावखेड्याचा किंवा झोपडपट्टीचा आजार आहे, असा गैरसमज असेल तर काढून टाका. पाइपलाइन आणि गटार जिथे शेजारी-शेजारी, तिथे फ्लॅटचा भाव विचारून व्हायरस येत नाही.

ए ची लस मात्र आपल्याकडे मिळते. लहानपणी झालेला ए बहुधा सर्दीसारखा निघून जातो, मोठेपणी तो आडवा पाडतो. फिल्टरचं पाणी पिऊन वाढलेल्या पिढीला लहानपणी ए भेटलाच नाही, म्हणून पंचविशी-तिशीत तो जोरात भेटतो. बाहेर खाणं, फिरणं जास्त असेल तर या लसीबद्दल डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या. ई ची लस चीनमध्ये २०११ साली मंजूर झाली, पण आपल्या लसीकरणात ती नाही. तोवर उकळलेलं पाणी झिंदाबाद!

माळ वाढते, मग कावीळ उतरते?

काकूंची माळ मी घातली. घातली म्हणजे, घालावी लागली. आणि खरंच, सकाळी गळ्याशी असलेली माळ दोन-तीन दिवसांत छातीवर आली. काकू म्हणाल्या, “पाह्य, कावीळ उतरून राह्यली!”

गुपित माहीत आहे? माळ ओल्या काड्यांची असते आणि एका खास गाठीनं बांधलेली असते. काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. खिडकीच्या गजाला टांगली तरी लांबेल! चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, तोही तसलाच प्रकार. पिवळं होतं ते आधी हाताला चोळलेल्या झाडाच्या सालीचा रस चुन्याला लागल्यामुळे.

मग लोक बरे कसे होतात? कारण ए आणि ई ची कावीळ आपली आपणच बरी होते. श्रेय मात्र माळ खाऊन जाते. माळ घातल्यानं नुकसान नाही. नुकसान होतं ते माळ घालून तपासणी न केल्यानं. आणि पोटात घ्यायच्या जडीबुटीचं गणित तर आणखी वेगळं. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेऊन लिव्हरला सूज आलेल्या पेशंटची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. ‘नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य सुजलेल्या लिव्हरला कुणी सांगितलेलं नसतं.

बी : न दिसणारा भाडेकरू

मी अंथरुणावर असताना माझा ऑफिसमधला जिगरी दोस्त भेटायला आला. बराच वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. निघताना दारात थांबून म्हणाला, “तुही तं उतरून जाईन बे. माही दिसतही नाही, अन् जातही नाही.”

चार महिन्यांपूर्वी ऑफिसमध्ये रक्तदान शिबिर झालं होतं. दान केलेल्या प्रत्येक बाटलीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासणी होते. त्याला रक्तपेढीतून फोन आला: एचबीएसएजी पॉझिटिव्ह. म्हणजे हिपॅटायटिस बी. डोळे पांढरेशुभ्र, तब्येत ठणठणीत, रोज सकाळी पाच किलोमीटर पळणारा गडी! रात्री नेटवर सर्च केलं, ‘सिरॉसिस’, ‘लिव्हर कॅन्सर’ असे शब्द वाचले आणि लॅपटॉप बंद केला. लग्न ठरलेलं होतं. चार महिने त्यानं हे कुणालाही सांगितलं नाही.

बी रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला लागतो. एका ताटात जेवण्यानं, मिठी मारण्यानं, ऑफिसातला कप वापरल्यानं लागत नाही. मोठेपणी झाला तर शंभरातले पंच्याण्णव जण स्वतःच बरे होतात. पण जन्मताना लागला, तर दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा राहतो. भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा, वर्षानुवर्षं आवाज न करता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचा अंदाज आहे: भारतात बी चे २ कोटी ९८ लाख आणि सी चे ५५ लाख लोक. त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नाही.

सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी पॉझिटिव्ह राहिली तर तो क्रॉनिक बी. इथे लोक दोन टोकाच्या चुका करतात. एक, ‘आता सगळं संपलं’. दोन, ‘त्रास नाही ना, मग सोडून दे’. दोन्ही चूक. सगळ्या पॉझिटिव्ह लोकांना लगेच गोळी लागत नाही, पण चेकअप सगळ्यांना लागतं. रक्तात व्हायरस किती आहे ते सांगणारी डीएनए टेस्ट, लिव्हरची सूज सांगणारी एसजीपीटी, सोनोग्राफी, आणि लिव्हर किती कडक झालंय ते न टोचता मोजणारी फायब्रोस्कॅन. या सगळ्यांवरून डॉक्टर ठरवतात, की गोळी आज द्यायची की दर सहा महिन्यांनी नुसतं लक्ष ठेवायचं.

गोळीचं नाव टेनोफोव्हिर किंवा एंटेकाव्हिर. रोज एक. ती व्हायरसला दाबून ठेवते, मुळापासून उपटत नाही, म्हणून बहुतेकांना ती कित्येक वर्षं, काहींना आयुष्यभर घ्यावी लागते. बीपीच्या गोळीसारखीच समजा. आणि हो, रिपोर्ट छान आला म्हणून आपल्या मनानं ती कधीच बंद करायची नाही. दबलेला व्हायरस उसळून येतो आणि लिव्हर फेल होऊ शकतं. काही निवडक पेशंटमध्ये आठवड्याला एक अशी इंटरफेरॉनची इंजेक्शनं साधारण ४८ आठवडे देतात. त्यांचा कोर्स संपतो हे खरं, पण ती फार थोड्यांना लागू पडतात आणि ताप-अंगदुखी वगैरे त्रासही देतात.

दोस्ताला मी हाताला धरून लिव्हरच्या डॉक्टरांकडे नेलं. व्हायरस जास्त, एसजीपीटी वाढलेली. गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, “आता घरच्यांची टेस्ट करा.” आणि तिथे कळलं की त्याची आईही पॉझिटिव्ह आहे, आणि तिचं लिव्हर कडक व्हायला सुरुवात झालीये. बावन्न वर्षांची बाई, आयुष्यात कधी कावीळ झाली नव्हती! तिचीही गोळी लगेच सुरू झाली, शिवाय दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. त्या चार महिन्यांत तो गप्प बसला, तेव्हा नकळत आईचाही वेळ जात होता, ही गोष्ट त्याला आजही टोचते.

लग्नाचं काय झालं? त्यानं होणाऱ्या बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, दोन दिवस वेळ मागितला आणि मग थेट लसीची चौकशी केली. टेस्ट निगेटिव्ह होती. बी ची लस ० – १ – ६ महिने अशी तीन डोसांत. तिसऱ्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून संरक्षण आलंय का ते बघतात. तोवर कंडोम. बस्स! बायको पॉझिटिव्ह असती तरी मूल होण्यात अडचण नव्हती. व्हायरस जास्त असेल तर गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत टेनोफोव्हिर देतात, आणि बाळाला जन्मल्याबरोबर, २४ तासांच्या आत, लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन.

आता तुम्ही स्वतःला विचारा. सरकारी लसीकरणात बी ची लस संपूर्ण देशात २०११ मध्ये आली. आज नोकरी करणारे आपण त्याआधी जन्मलेलो. तुम्हाला ती मिळाली होती का? माहीत नसेल, तर एक एचबीएसएजी टेस्ट आणि मग तीन डोस. एका चांगल्या शर्टाच्या खर्चात काम होतं.

आणि बी झाला म्हणजे करिअर संपलं असं वाटत असेल, तर अमिताभ बच्चनकडे बघा. १९८२ च्या ‘कुली’च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून आपल्याला बी झाला आणि तो बऱ्याच वर्षांनी कळला, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय. त्यानंतरही त्यांनी आपल्या नागपुरात येऊन ‘झुंड’चं शूटिंग केलंच ना!

सी : बारा आठवडे, खेळ खल्लास

सी हा रक्तातून पसरणारा. निर्जंतुक न केलेली सुई, टॅटूची शाई-सुई, दुसऱ्याचं ब्लेड, न तपासलेलं रक्त. लस नाही. आणि हाही गुपचूप राहतो, वीस-तीस वर्षांनी लिव्हर खराब करून मग समोर येतो.

पण व्हायरल हिपॅटायटिसमधली सगळ्यात भारी बातमी सी चीच आहे. हा व्हायरस ओळखला गेला १९८९ मध्ये, आणि तो शोधणाऱ्या तिघांना २०२० चं नोबेल मिळालं. पूर्वी यावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाव्हायरिन, वर्षभरापर्यंत. पेशंट आजारापेक्षा औषधानं जास्त दमायचा, आणि तरी बरा होईलच याची गॅरंटी नाही. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुव्हिर आलं. एक गोळी हजार डॉलरची! बारा आठवड्यांचा कोर्स ८४ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाचे पन्नास लाख रुपये. मग २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना ते बनवायचा परवाना मिळाला, २०१५ पासून ते आपल्याकडे मिळू लागलं आणि किंमत लाखांवरून हजारांत आली.

आज सोफोसबुव्हिरसोबत डॅक्लाटास्व्हिर किंवा व्हेल्पाटास्व्हिर, रोज गोळी, बारा आठवडे. शंभरातले पंच्याण्णवच्या वर बरे होतात. बरे म्हणजे दबलेले नव्हे, व्हायरस कायमचा गेलेला! लिव्हर फार खराब झालं असेल तर रिबाव्हायरिन जोडतात किंवा कोर्स लांबवतात. कोर्स संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए टेस्ट. तेव्हा व्हायरस सापडला नाही, की तुम्ही जिंकलात.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. बरं झाल्यावरही अँटीबॉडी टेस्ट पॉझिटिव्हच येत राहते, घाबरू नका, आरएनए बघा. आणि एकदा बरं झालं म्हणजे कवच मिळालं असं नाही, सी पुन्हा होऊ शकतो. गोळ्या सुरू करण्याआधी बी ची टेस्ट करणंही गरजेचं, कारण सी गेला की दबून बसलेला बी डोकं वर काढू शकतो.

विदर्भासाठी सी चा मुद्दा खास महत्त्वाचा. सिकल सेल आणि थॅलेसेमियाच्या पेशंटना वारंवार रक्त घ्यावं लागतं. दान केलेल्या रक्ताची सी साठी तपासणी आपल्याकडे २००१ पासून सक्तीची झाली. त्याआधी घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल, बाळंतपणात रक्त चढवलं असेल, तर आई-बाबांची एकदा अँटी-एचसीव्ही करून घ्या.

डी : बी चं शेपूट

डी एकटा जगू शकत नाही, त्याला बी लागतोच. आपल्याकडे तो कमी दिसतो, पण दोघं एकत्र आले की लिव्हर वेगानं खराब होतं. इलाज इंटरफेरॉनचा. युरोपात २०२० मध्ये बुलेव्हिर्टाइड नावाचं नवं औषध आलंय. सोपा उपाय: बी ची लस घ्या, डी चा रस्ताच बंद.

खिशाचं टेन्शन?

२८ जुलै २०१८ ला, जागतिक हिपॅटायटिस दिनी, केंद्र सरकारनं राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात बी आणि सी च्या तपासण्या आणि गोळ्या सरकारी केंद्रांवर मोफत. प्रायव्हेटमध्ये महागडी असणारी डीएनए किंवा आरएनए टेस्टसुद्धा. नागपूरकरांनी चौकशी करायची ती मेडिकल किंवा मेयोमध्ये. आम्हा लकडगंजवाल्यांना तर मेयो म्हणजे सेंट्रल ॲव्हेन्यूनं सरळ. सरकारी दवाखान्यात जायला लाज वाटते? माझ्या दोस्ताची आई तिथूनच गोळी आणते. गोळीवर पत्ता लिहिलेला नसतो.

तेव्हा मात्र धावा!

ए असो की ई की बी, हजारातल्या थोड्यांमध्ये लिव्हर अचानक बंद पडायला लागतं. माणूस असंबद्ध बोलतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं, पोटात पाणी भरतं. अशा वेळी माळ, काढा, ‘उद्या बघू’, काहीही नाही. सरळ मोठं हॉस्पिटल. कावीळ झालेली गरोदर बाई तर पहिल्या दिवशीच.

त्यातूनही लिव्हर सावरलं नाही, तर शेवटचा उपाय ट्रान्सप्लांट. एक काळ असा होता की त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठावी लागे. २०१८ मध्ये नागपुरातलं पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट झालं आणि ते झालं आमच्या लकडगंजातल्या न्यू इरा हॉस्पिटलमध्ये. अभिमान आहेच. पण तिथवर जायची पाळी येऊ नये, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

रिपोर्ट हातात आला, आता?

• आयजीएम अँटी-एचएव्ही पॉझिटिव्ह : ए. आराम करा, बरे व्हाल. घरच्यांना लस द्यायची का, ते लगेच विचारा.

• आयजीएम अँटी-एचईव्ही पॉझिटिव्ह : ई. आराम. घरातल्या गरोदर बाईची आणि पाण्याची काळजी.

• एचबीएसएजी पॉझिटिव्ह : बी. घाबरू नका, लपवू नका. पुढच्या टेस्ट करा, घरच्यांना तपासा. दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी स्टेरॉइड किंवा केमोथेरपी घ्यायची असेल तर डॉक्टरांना हे आधी सांगा.

• अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह : आरएनए टेस्ट करा. व्हायरस असेल तर बारा आठवड्यांचा कोर्स.

• बिलिरुबिन किती, यावरच अडकू नका. लिव्हर किती काम करतंय हे पीटी-आयएनआर जास्त नीट सांगते.

पाच आठवड्यांनी माझे डोळे पांढरे झाले. वहिनीला मुलगी झाली. जन्मल्याच्या दिवशीच तिला बी ची लस मिळाली, तिच्या काकाला जी कधी मिळालीच नव्हती. मी पहिला डोस त्याच आठवड्यात घेतला, दोस्ताच्या होणाऱ्या बायकोसोबत एकाच दवाखान्यात, एकाच बाकावर बसून. तिचा तो दुसरा होता.

काकूंनी परवा विचारलं, “माळीनं बरं वाटलं ना रे?” मी हो म्हटलं. आणि मग काकांना घेऊन या म्हटलं, एकदा रक्त तपासू. १९९६ मध्ये त्यांचं मोठं ऑपरेशन झालं होतं, दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. काकूंना आठवत होतं. टेस्ट मात्र आजवर कुणी केली नव्हती.

येत्या शनिवारी जाणार आहोत. तुमच्या घरी असे कोणी काका आहेत का?